पार्श्वभूमी : द्राक्षं शेजारी, वाइन नाशिकला

कोल्हापूरचा मुलगा वाइनमेकर झाला म्हटलं की आपल्याकडं अजून भुवया उंचावतात. ऊस, गूळ आणि म्हशीच्या दुधाचा हा जिल्हा, इथं द्राक्षाचं काय? पण गगनबावड्याला हजारो मिलिमीटर कोसळणारा पाऊस मिरजेच्या पुढं पार आटतो. तासगाव-कवठेमहांकाळच्या पट्ट्यात जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो आणि द्राक्षाला तेच मानवतं. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षातून ‘तास-ए-गणेश’ हे वाण निवडून काढलं ते तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी. वेलीची जाण आपल्या शेजारीच होती. वाइन मात्र लांब राहिली.

याचं मूळ बागेत आहे. तासगावचा बागायतदार मण्याची फुगवण बघतो. विरळणी करतो, घड जी.ए. म्हणजे जिबरेलिक आम्ल या मणी फुगवणाऱ्या संजीवकात बुडवतो, पातळ सालीचा लांब मणी मिळवतो. दर पडला तर बेदाणा करतो. वाइनला लागतो बारका, जाड सालीचा, बियांचा मणी : शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लाँ. एकरी माल कमी, आणि वायनरीनं, म्हणजे वाइनच्या कारखान्यानं, उचलला नाही तर बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. एवढी जोखीम शेतकऱ्यानं का घ्यावी, हा प्रश्न रास्तच होता.

नारायणगावला श्यामराव चौगुल्यांच्या इंडेज या वायनरीनं ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्राची साथ घेऊन स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी वाइन काढली. नाशिकला राजीव सामंतांनी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि 2000 मध्ये त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन आली. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, दोन वाइन पार्क, म्हणजे वायनऱ्यांसाठीच्या औद्योगिक वसाहती, ठरले : नाशिककडं विंचूर, सांगलीकडं पलूस. पलूस ही आपली संधी होती. पण 2008 च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलांची मागणी बसली, माल पडून राहिला, अनेकांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. नाशिक सावरलं, कारण मुंबई जवळ आणि वायनरी बघायला येणारा पर्यटक हाताशी. पलूसला हे दोन्ही नव्हतं. माझ्या मते दोष मातीचा नाहीच. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोहिते-पाटलांनी इटालियन भागीदारांबरोबर उभी केलेली फ्रातेली वायनरी बघा, इटलीतल्या टस्कनीची सांजोवेझे ही वाइनची द्राक्षं तिथल्या कोरड्या माळावर पिकतात.

आज इथला तरुण या धंद्यात उतरतो तेव्हा त्याच्याकडं एक भांडवल असतं, छाटणीचं. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडं झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात घडांसाठी फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री लागते. फळछाटणीची तारीख पुढं-मागं झाली की तोडणीही सरकते. उन्हाचा चटका वाढायच्या आत साखर बावीस-तेवीस ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) यावी आणि आंबटपणाही टिकावा, हे गणित लहानपणापासून बागेत राबलेल्या पोराला पुस्तकाआधी कळलेलं असतं. बाकीचं शिकायला पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. साखरेसाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेत वाइनही शिकवतात.

अडतं ते विक्रीत. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळानं 1,000 चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला मान्यता दिली. अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अडून राहिला. त्यामुळं नव्या, छोट्या वायनरीची बाटली अजूनही दारूच्या दुकानात, व्हिस्कीच्या शेजारीच जागा शोधते.