जर्मनीतले अतिउजवे, पडदा आणि व्हिडिओ गेमवरची वीस वर्षांची बंदी

डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनच्या एका चित्रपटगृहात नाझींनी युद्धविरोधी अमेरिकी चित्रपटाचा खेळ उधळला. दुर्गंधीचे बॉम्ब फोडले, पांढरे उंदीर सोडले. आठवडाभरात बंदी आली ती चित्रपटावर. पुढे सगळी चित्रपटसृष्टीच त्यांच्या हाती गेली. तेव्हाचे सुमारे ४० प्रचारपट आजही जर्मनीत प्रास्ताविक आणि चर्चेशिवाय दाखवता येत नाहीत.

जानेवारी १९७९ मध्ये ज्यूंच्या संहारावरची अमेरिकी मालिका पश्चिम जर्मनीत दाखवली जाणार होती. त्याआधीच्या माहितीपटाच्या वेळी कोब्लेंझ आणि म्युन्स्टरजवळच्या प्रक्षेपण केंद्रांवर उजव्या अतिरेक्यांनी स्फोट घडवले आणि लाखभर टीव्ही संच बंद पडले. मालिका मात्र दाखवली गेली आणि कोट्यवधींनी ती पाहिली. त्याच जुलैत संसदेने खुनाच्या गुन्ह्यावरची कालमर्यादा उठवली.

गेमच्या बाबतीत वळण वेगळे होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस छळछावणी 'चालवण्याचा' एक गेम घरगुती संगणकांवर फ्लॉपीमधून हातोहात फिरत होता. असे गेम दुकानात येतच नसत, त्यामुळे दुकानावरच्या नियमांचा त्यांना काही त्रास नव्हता. त्रास झाला तो दुसऱ्यांना.

जर्मन दंडसंहितेचे कलम ८६अ नाझी चिन्हांच्या वापराला गुन्हा ठरवते. कला, संशोधन, इतिहासकथन यांना त्यातून सूट आहे आणि चित्रपटांना ती सहज मिळत आली. 'वोल्फेन्स्टाइन ३डी' हा १९९२चा गेम मात्र या सवलतीबाहेर राहिला. त्यात खेळणारा नाझींना गोळ्या घालतो, तरी भिंतींवरच्या स्वस्तिकांमुळे १९९४ मध्ये तो जप्त झाला. १९९८ मध्ये फ्रँकफर्टच्या उच्च न्यायालयाने म्हटले, की गेममध्ये ही चिन्हे चालू दिली तर मुले त्यांना सरावतील. गेम ही कला आहे का, याचा खल झालाच नाही. निकाल एका गेमचा होता, पण वयोगट ठरवणाऱ्या यंत्रणेने आणि प्रकाशकांनी तो सगळ्या गेमना लावला. पुढची २० वर्षे नाझी चिन्हे असलेल्या गेमला वयोगटाचा शिक्काच मिळत नव्हता.

परिणाम किती विपरीत झाला, हे २०१७ मध्ये दिसले. याच मालिकेतल्या नव्या गेमच्या जर्मन आवृत्तीत स्वस्तिके काढली, हिटलरच्या मिशा पुसल्या, त्याला नुसते 'चॅन्सेलर' केले. ज्यूंच्या छळाचे उल्लेखही पुसट झाले. नाझींविरुद्धच्या कथेतून नाझीच गाळले गेले, तेही नाझीविरोधी कायद्याच्या नावाने. ही चूक इतकी वर्षे चालू द्यायला नको होती.

त्याच सुमारास एका राजकीय विडंबनाच्या ब्राउझर गेममध्ये एका अतिउजव्या नेत्याचे पात्र अंगानेच स्वस्तिकाचा आकार करते, अशी तक्रार झाली. सरकारी वकिलांनी कलेच्या सवलतीचा हवाला देत खटला नाकारला. त्या आधारावर ऑगस्ट २०१८ मध्ये गेमचाही प्रत्येक प्रकरणागणिक विचार सुरू झाला. पहिला लाभ मिळालेल्यांत १९३३च्या बर्लिनमधल्या प्रतिकार गटाची गोष्ट सांगणारा गेम होता.

दरम्यान अतिउजव्यांनी मैदान बदलले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाले शहरातल्या सिनॅगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर हल्ला करणाऱ्याने, त्याच वर्षीच्या न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च हत्याकांडाप्रमाणे, डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून थेट प्रक्षेपण केले. नेमबाजीच्या गेममध्ये दिसते तशीच चौकट आणि मंचही गेमर वापरतात तोच. तेव्हा गृहमंत्र्यांनी बोट दाखवले ते 'गेमर वर्तुळा'कडे, आणि साध्या खेळणाऱ्यांत संताप उसळला.

२०२० मध्ये अतिउजव्या तरुण कार्यकर्त्यांच्या वर्तुळातून एक गेम फुकट आला. जुन्या धाटणीचे पिक्सेल, आणि नायक म्हणून चळवळीतलेच चेहरे. तो तरुणांना घातक माध्यमांच्या यादीत गेला, पण युवासंरक्षण कायद्याखाली. कलम ८६अ त्याला लागू होण्यासारखे त्यात काही नव्हते.