रक्ताचा थेंब चिपवर कसा आला

रक्ताचा थेंब इवल्याशा वाटांमधून नेऊन तपासणाऱ्या रोगनिदानाच्या चिपचं संगणकाच्या चिपशी नातं आहे ते आकडेमोडीचं नाही, घडणीचं. प्रकाशाने सिलिकॉनवर नक्षी उमटवायची आणि रसायनाने ती कोरायची, ही कला इलेक्ट्रॉनिक्सने आधी घोटवली होती. 1979 मध्ये स्टॅनफर्डला स्टीफन टेरी आणि सहकाऱ्यांनी तीच वापरून वायूंचं मिश्रण वेगळं करणारं यंत्र सिलिकॉनच्या चकतीवर बसवलं. पुढे 1990 मध्ये आंद्रेआस मान्झ यांनी नमुन्यापासून निकालापर्यंतची सगळी तपासणी एकाच इवल्याशा यंत्रणेत करण्याची कल्पना मांडली.

लहान करण्यात फायदा काय? केसाएवढ्या वाटेत द्रव घुसळला जात नाही. दोन प्रवाह शेजारी शेजारी शांत वाहतात आणि रेणू आपसूक पसरतील तेवढेच मिसळतात. पण रेणूंना पसरायचं अंतर दहापट कमी झालं, की पसरायला लागणारा वेळ शंभरपट घटतो. मला या साऱ्या कहाणीचं मर्म इथेच दिसतं.

1991 मध्ये स्टीफन फोडर यांच्या गटाने काचेवर प्रकाशाच्या मदतीने ठरलेल्या जागी ठरलेले रेणू बांधून दाखवले. त्यातून डीएनए चिप आली: नमुन्यातला डीएनएचा धागा चिपवरच्या आपल्या जोडीदार धाग्याला चिकटला, की तो ठिपका उजळतो. 1998 च्या सुमारास हार्वर्डला जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने सिलिकॉनऐवजी रबरासारखा पदार्थ साच्यात ओतून चिप सोलून काढायला सुरुवात केली. मग हे काम कितीतरी प्रयोगशाळांच्या आवाक्यात आलं.

खरी झुंज मात्र नमुन्याशी होती. रक्त गोठतं, थुंकी चिकट असते, एक बुडबुडाही वाट अडवतो. कर्करोगाची भटकी पेशी तर रक्तातल्या अब्जावधी पेशींमध्ये एखादीच. 2007 मध्ये मेहमेट टोनर यांच्या गटाने चिपवर 78,000 सूक्ष्म खांब उभे केले आणि त्यांना प्रतिपिंडांचा, म्हणजे ठरावीक पेशीलाच धरणाऱ्या प्रथिनांचा, लेप दिला. रक्त खांबांमधून हळूहळू वाट काढतं, आणि हवी ती पेशी खांबाला चिकटून राहते.

तरीही कित्येक चिप नखाएवढ्या आणि त्यांना चालवणारे पंप, सूक्ष्मदर्शक टेबलभर, अशीच स्थिती होती. सॅम्युएल सिया यांच्या गटाने 2011 मध्ये रवांडात तपासलेली एचआयव्ही आणि सिफिलिसची चिप म्हणूनच मला मोलाची वाटते. नळीत रसायनांचे घोट ओळीने भरलेले, दोन घोटांमध्ये हवेची फट. सिरिंज ओढली की एकेक घोट क्रमाने पुढे सरकतो आणि शेवटी, रोगाची खूण सापडली असेल तिथे, चांदीचा थर धरतो. तो वाचायला साधं प्रकाशमापक पुरतं.