‘कट्’ वाजलं म्हणजे मणका बसला?

‘मणका सरकला होता, कायरोप्रॅक्टरने कट्‌कन बसवला’ हे रील्समुळे आता घरोघरी ऐकू येतं. (कायरोप्रॅक्टर म्हणजे हाताने झटका देऊन मणक्यांवर उपचार करणारा.) पण मणका असा एका झटक्यात जागेवर जात नाही. खरंच सरकला असेल तर तिथे झटका देणंच धोक्याचं.

आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवातून. सांधा ताणला की दाब एकदम घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट मोडताना हे एमआरआयवर टिपलं. हा वायू द्रवात परत विरघळायला वेळ लागतो, म्हणूनच एकदा वाजलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही.

समज मात्र जुना. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्टला, कायरोप्रॅक्टिकचे जनक डी. डी. पामर यांनी मणका बसवून एका बहिऱ्याला ऐकू आणल्याचा दावा केला. (कानाची नस कण्यातून जातच नाही, ते सोडा!)

मग सगळं थोतांड? तसंही नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी औषधांआधी करून बघायच्या उपायांत मणक्यांना झटका देण्याचा हा उपचार धरला, पण पुरावा कमी दर्जाचा असल्याचं नोंदवून. व्यायामाचा पुरावा त्याहून बरा. आणि पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर थेट रुग्णालय गाठा.