मुक्त विद्यापीठाची पदवी ‘कच्ची’ नसते

चाळिशीत पुन्हा शिकू पाहणाऱ्याला जळगाव-धुळ्याकडे हमखास ऐकवले जाते की, आता विद्यापीठ दारात उभे करणार नाही आणि मुक्त विद्यापीठाची पदवी तर नोकरीला चालतच नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला कमाल वयाची अट नाही; आणि मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. गोंधळ बहुधा भरतीच्या जाहिरातीतील वयोमर्यादेमुळे होतो. ती नोकरीची अट, शिक्षणाची नव्हे. रावेरकडे दिवसभर केळीचे घड कापून रात्री स्वाध्याय लिहिणाऱ्याने प्रवेशापूर्वी आपल्या अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे का, एवढे मात्र तपासावे.