'ॲना ओ.' नुसतं बोलून बरी झाली नव्हती

'ॲना ओ. ही रुग्ण व्हिएन्नाचे डॉक्टर जोसेफ ब्रॉयर यांच्याशी बोलून बरी झाली,' हे मानसशास्त्राच्या वर्गात हमखास ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात १८८२ मध्ये उपचार थांबले आणि लगेच तिला स्वित्झर्लंडच्या सॅनिटोरियममध्ये ठेवावं लागलं, तेही मॉर्फिनची सवय जडलेल्या अवस्थेत. सावरायला 'बराच काळ' गेल्याचं ब्रॉयर यांनी फ्रॉइडसोबत लिहिलेल्या १८९५ च्या हिस्टेरियावरच्या पुस्तकात एका वाक्यात उरकलं.

तिचं खरं नाव बर्था पापेनहाइम. रुग्ण म्हणूनच लक्षात ठेवणं हा तर अन्यायच! १९०४ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या ज्यू महिलांची संघटना उभारली, वीस वर्षं अध्यक्षपद सांभाळलं. १९०७ मध्ये फ्रँकफर्टजवळच्या नॉय-इझेनबुर्गला कुमारी माता आणि निराधार मुलींसाठी घर काढलं. वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या मुलींच्या विक्रीविरुद्ध लढताना त्या ज्यू दलालांनाही पाठीशी घालत नसत.