ट्रॅकचे पॅड, रस्त्याचे पॅड आणि तापमानाचा हिशेब

कोईंबतूरच्या करी ट्रॅकवर ट्रॅक डेची (हौशी लोक आपली रोजची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवतात तो दिवस) तारीख ठरली की पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो: "सगळ्यात भारी ब्रेक पॅड कोणते घेऊ?" आणि त्यावर तितकंच हमखास उत्तर मिळतं: "रेसिंगचे घे, रोजही तेच वापर, ब्रेक एकदम कडक लागतात." हे उत्तर चुकीचं तर आहेच, पण धोक्याचंही आहे. हा सल्ला ऐकून कुणीतरी रात्री हायवेवर गार पॅड घेऊन निघतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रस्त्याचे पॅड सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. सकाळी गाडी काढली, सोसायटीच्या गेटपाशी पहिला ब्रेक दाबला आणि तो लागला, एवढंच त्यांचं काम. आवाज नको, चाकाबरोबर फिरणारी जी डिस्क पॅड दाबून धरतो ती खाऊ नये, चाकावर काळी भुकटी कमी बसावी, पावसात पकड टिकावी. कंपनीकडून येणारे पॅड हे काम चोख करतात. त्यांना नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे, ती मला अजिबात आवडत नाही.

खरा घोळ होतो तो ट्रॅकचे पॅड म्हणजे रस्त्याच्याच पॅडची वरची पायरी, असं समजल्याने. हा स्वस्त, तो पाचपट महाग, म्हणजे तो पाचपट पकडणार, असा हिशेब लोक मांडतात. पण कुठलाही पॅड सगळीकडे सारखा पकडत नाही. डिस्क किती तापली आहे त्यावर त्याची पकड बदलते. साधारणपणे रस्त्याचा पॅड गार असतानाच चांगला पकडतो आणि 350-400 अंशांच्या आसपास ढेपाळायला लागतो. पूर्ण ट्रॅकचा पॅड नेमका तिथे रंगात येतो आणि 600-700 अंशांपर्यंतही पकड सोडत नाही. गार असताना मात्र तो लाकडी ठोकळ्यासारखा वागतो. पेडल दाबावं आणि गाडीने ऐकायलाच वेळ लावावा, तसं.

आता ट्रॅकवर तापमान इतकं चढतं कसं, तो हिशेब एकदा स्वतः करून बघा, म्हणजे मनातली शंका जाईल. गाडी चालकासकट एक टन धरू. शहरात 60 च्या वेगावरून पूर्ण थांबली तर साधारण 140 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. ट्रॅकवर 140 वरून 60 वर आणली तर जवळपास 620. वेग दुपटीने वाढला की ऊर्जा चौपट होते, त्याचा हा परिणाम. यातला सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर येतो. पुढच्या दोन्ही डिस्क पाच-पाच किलोच्या धरल्या, तर शहरातल्या एका ब्रेकने त्या वीसेक अंशांनी तापतात आणि पुढच्या सिग्नलपर्यंत निवतात. ट्रॅकवरचा एक ब्रेक त्यांना नव्वदेक अंशांनी तापवतो. करीची फेरी आहे 2.1 किलोमीटरची. तेवढ्यात असे ब्रेक पुन्हा पुन्हा मारायचे, आणि मधल्या सरळ पट्ट्या इतक्या आखूड की डिस्कला वारा लागून ती निवेपर्यंत पुढचं वळण येतं. तीन-चार फेऱ्यांत उष्णता साचत जाते. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टी आहे. तिथे निवायला वेळ मिळतो, पण तिच्या टोकाला मारावा लागणारा ब्रेकही तेवढाच राक्षसी असतो.

पॅड तापून ढेपाळतो म्हणजे नक्की काय होतं? पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, रेझिन नावाच्या चिकट पदार्थाने बांधलेला असतो. तो हद्दीपलीकडे तापला की रेझिन जळायला लागतं, त्यातून वायू सुटतो आणि पॅड व डिस्कच्या मध्ये पकड राहत नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या चाकांतून धूर निघताना आणि तो जळका, तिखट वास येताना आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. तिथे ड्रम ब्रेकचे लायनर असतात, इथे पॅड, पण गोष्ट तीच.

आता याची उलटी बाजू, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते हिच्याबद्दल. पुण्याहून कोईंबतूर अकरा-बाराशे किलोमीटर. बरेच जण घरूनच ट्रॅकचे पॅड बसवून निघतात, कारण तिथे जाऊन कोण बदलत बसणार. हायवेवर तास-तासभर ब्रेकला हात लागत नाही, म्हणजे डिस्क बाहेरच्या हवेइतकी गार. आणि मग धारवाडच्या पुढे कुठेतरी दुभाजकाच्या फटीतून उसाचा ट्रॅक्टर आडवा येतो. त्या पहिल्या ब्रेकला पॅडला दोनशे अंश हवे असतात आणि असतात तीस. पॅड तापेपर्यंत गाडी किती मीटर पुढे गेली, हे ट्रॅक्टरवाला सांगेल. पावसाळ्यात तर डिस्कवर पाण्याचा थर असतो, तेव्हा हा उशीर आणखी वाढतो. म्हणून माझं मत पक्कं आहे: पूर्ण ट्रॅकचे पॅड डिकीत न्या, पायाखाली नको.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की "पण रेसिंग पॅडने गाडी लवकर थांबते ना!" नाही थांबत. कंपनीचे पॅड गार असतानाही जोरात ब्रेक दाबला तर एबीएस (चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा) थरथरतं की नाही? थरथरतं. म्हणजे त्या क्षणी टायरची पकड संपलेली असते आणि पॅडकडे अजून जोर शिल्लक असतो. एका जोरदार ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतो. थांबण्याचं अंतर कमी करायचं असेल तर ते पैसे टायरला घाला. ट्रॅकच्या पॅडचे पैसे आपण विसाव्या ब्रेकसाठी मोजतो, पहिल्यासाठी नव्हे.

तापमानाचा हाच मुद्दा पॅडच्या कडेवर छापलेल्या अक्षरांतही लपलेला आहे. बऱ्याच पॅडवर एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं असतात. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक (जितका मोठा तितकी पकड जास्त) 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं गरम असतानाचं. मग लोक जीजी शोधत फिरतात. पण ज्या चाचणीवरून ही अक्षरं देतात, ती पॅडचा इंचभर चौरस तुकडा घेऊन होते आणि तिचं सगळ्यात चढं तापमान 650 फॅरनहाइट, म्हणजे 343 सेल्सिअस. ट्रॅकचा प्रश्न जिथे सुरू होतो, साधारण तिथेच ही चाचणी थांबते. एफएफ लिहिलेला एक पॅड पाचशे अंशांवर तग धरेल, दुसरा तीच अक्षरं मिरवत हात वर करेल. अक्षरांवरून ट्रॅकचा पॅड निवडू नका. उत्पादकाने तापमान आणि घर्षणाचा आलेख दिला असेल तर तो बघा. आलेख देत नसेल आणि नुसतं "हाय परफॉर्मन्स" लिहीत असेल, तर मी तो पॅड घेत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. ट्रॅकचे पॅड किंचाळतात, किंचाळू द्या. भुकटी जास्त पडते, ती ओली झाली की अलॉयला गंजाचे डाग पडतात, म्हणून त्याच संध्याकाळी चाकं धुवा. गार असताना डिस्क जास्त खातात. दुकानात मिळणारे "सिरॅमिक" पॅड रेसिंगचे नसतात, ते मुख्यतः कमी आवाज आणि कमी भुकटीसाठी असतात. सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा नावापुरता संबंध. पॅडचा रंग बघून खरेदी करू नका. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण ट्रॅकवर भोकांपासून तडे जातात, मी साधीच डिस्क लावतो.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. ट्रॅकवर ब्रेक गेला म्हणजे पॅड गेला, असं दर वेळी नसतं. माझ्या पहिल्याच ट्रॅक डेला पाचव्या फेरीत पेडल मऊ झालं आणि जवळपास जमिनीला टेकलं. सर्व्हिसवाल्याने ब्रेक ऑइल बदलल्याचं बिलावर लिहिलं होतं, बाटलीत ते चहासारखं तपकिरी निघालं. मी पॅडला दोष देऊन नवे पॅड घेतले आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं. पाय काय सांगतो ते ऐकायला शिका. पेडल नेहमीसारखं उंच आणि कडक, दाबायला जोर लागतोय पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापला. पेडल मऊ, स्पंजासारखं, खाली खाली जातंय, दोनदा पंप केल्यावर थोडं वर येतंय, तर कॅलिपरमधलं (पॅड दाबणाऱ्या भागातलं) ऑइल उकळलं आणि त्यात वाफेचे बुडबुडे झाले. यावर जगातला कुठलाही पॅड उपाय नाही. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं. 3.7 टक्के पाणी शिरलं की किमान हद्द 155 वर येते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षं मुरलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाऊ नका. नव्याने 300 अंशांच्या वर उकळणारं डॉट 4 बाजारात मिळतं, ते भरा आणि नीट ब्लीडिंग करून, म्हणजे पाइपांतली हवा काढून घ्या.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या हॅचबॅकवाल्याला मी हा क्रम सांगतो. आधी ताजं ऑइल. मग चांगले टायर. पॅड कंपनीचेच ठेवून चार-पाच फेऱ्या, मग एक फेरी ब्रेक न दाबता गाडी निववायची, असा पहिला दिवस काढा. डिस्कच्या कडेला तापमानाचा रंग लावून ठेवा. हिरवा पट्टा 430 अंशांना बदलतो, नारिंगी 560 ला, लाल 610 ला. संध्याकाळी हिरवा जागच्या जागी असेल, तर तुम्हाला ट्रॅकच्या पॅडची अजून गरजच नाही. हिरवा उडाला आणि नारिंगी शाबूत असेल, तर फेरोडो डीएस 2500 सारखे मधले पॅड घ्या, ते गार असतानाही बऱ्यापैकी पकडतात आणि येता-जाता पायाखाली चालतात. नारिंगीही उडाला, तरच पूर्ण ट्रॅकचे, आणि ते तिथे जाऊन बसवायचे. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलायला सवयीच्या हाताला तासभरही लागत नाही.

नवे पॅड मुरवल्याशिवाय पहिल्या सेशनला उतरू नका. मध्यम वेगावरून आठ-दहा ब्रेक, पूर्ण न थांबता, दर वेळी थोडा जोर वाढवत, मग सलग गाडी चालवून निववायचे. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. तो कमी-जास्त बसला की स्टिअरिंग थरथरतं आणि गॅरेजवाला "डिस्क वाकली" म्हणून मशीनवर लावायला सांगतो. बहुतेक वेळा डिस्क सरळच असते. त्याच कारणाने सेशन संपवून आल्यावर हँडब्रेक ओढू नका आणि ब्रेक दाबून उभे राहू नका, गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावा.

शेवटचा मुद्दा जाडीचा. रस्त्यावर पॅड तीन मिलिमीटरपर्यंत वापरला तरी कुणी काही म्हणत नाही. ट्रॅकवर पॅडचा मसाला हीच डिस्क आणि पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनमधली भिंत असते. तो अर्धा झिजला की उष्णता लवकर पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत पोचते. निघण्यापूर्वी चाक काढून मोजा. नव्यापेक्षा निम्म्याहून कमी उरला असेल, तर तो पॅड रोजच्या वापरात संपवा आणि ट्रॅकसाठी नवी जोडी न्या.