बीसीजीचा व्रण आणि माँटूची गाठ

सिडकोत असो की पंचवटीत, घरात कुणाला टीबी निघाला की लहान मुलांची माँटू टेस्ट करायला सांगतात. दोन दिवसांनी हात टरारून फुगला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "जन्मल्यावर बीसीजी दिली होती ना, त्यानंच आलं असेल." असं म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवू नका. कळकळीनं सांगतोय.

बीसीजी ही टीबीची लस. डाव्या दंडावरचा तिचा व्रण लस टोचल्याचं सांगतो, बाकी काही नाही. माँटू ही टीबीच्या जंतूचा संसर्ग झालाय का ते बघायची तपासणी. हाताच्या पुढच्या भागावर, आतल्या बाजूला, 0.1 मिली ट्यूबरक्युलिन (टीबीच्या जंतूपासून काढलेल्या प्रथिनांचं द्रावण) कातडीतच टोचतात आणि 48 ते 72 तासांत बघतात. लाली मोजायची नसते, कडक झालेला भाग मोजायचा. बॉलपेन बाहेरून गाठीकडे ओढत आणायचं, जिथं अडेल तिथं खूण, समोरून पुन्हा तसंच. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहितात. साधारण 10 किंवा जास्त आलं की पॉझिटिव्ह.

घोळ इथंच होतो. ट्यूबरक्युलिनमधली बरीच प्रथिनं टीबीच्या जंतूत असतात तशी बीसीजीच्या जंतूतही असतात, त्यामुळे लसीनंही गाठ येऊ शकते. पण जन्मतः दिलेल्या बीसीजीचा हा परिणाम वर्षागणिक ओसरतो, शाळेत जायच्या वयात बहुतेकांत फारसा उरत नाही. लस मोठेपणी किंवा दुसऱ्यांदा घेतली असेल तर तो जास्त काळ टिकतो. व्रणाच्या आकारावरून गाठीचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून घरात टीबीचा पेशंट आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर 16 मिलिमीटर गाठ, तर ती लसीच्या नावावर खपवू नये.

शंका उरलीच तर इग्रा ही रक्ततपासणी आहे. तिच्यात वापरलेली प्रथिनं बीसीजीत नसतातच. मात्र माँटू काय, इग्रा काय, दोन्ही जंतूचा संसर्ग दाखवतात. आजार आहे का, हे छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी आणि डॉक्टरच ठरवतात.

गोवर-रुबेलाची लस मात्र उलटं करते: काही आठवडे माँटूची गाठ दाबून ठेवते आणि संसर्ग असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून माँटू ही लस देतात त्याच दिवशी करावी, नाहीतर लसीनंतर किमान 4 आठवडे थांबावं. टेस्टला जाताना बाळाचं लसीकरण कार्ड सोबत न्या.